फियाटचा जीर्णोद्धार: एक कौटुंबिक मीमांसा

जिचे उत्पादन कधीच बंद पडले आहे, जिचे सुटे भाग दुकानांतून हद्दपार झाले आहेत आणि जी ढकलल्याखेरीज फाटकाबाहेर येत नाही, अशी मोटार भंगारात न देता तिच्यावर नव्या मोटारीइतका खर्च करून तिला पुन्हा जन्मकाळच्या रूपात आणण्याचा एकाच घरातील तीन पिढ्यांनी मिळून केलेला खटाटोप, अशी जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धाराची व्याख्या करता येईल. या व्याख्येतील खर्च, खटाटोप आणि तीन पिढ्या यांविषयी दुमत नाही. वाद आहे तो ‘जन्मकाळचे रूप’ या शब्दांविषयी, आणि तो सहसा बॉनेट उघडण्यापूर्वीच सुरू होतो. देवळाचा जीर्णोद्धार निघतो तेव्हा विश्वस्त मंडळ नेमले जाते, पावतीपुस्तके छापली जातात आणि कळसापाशी मतभेद झालाच तर तो वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकलता येतो. मोटारीच्या बाबतीत विश्वस्त, देणगीदार, कारागीर आणि टीकाकार ही सर्व मंडळी रोज रात्री एकाच पंगतीला जेवत असल्यामुळे ती सोय राहत नाही.

संस्थानिकांच्या वाड्यांतील रोल्स-रॉइस गाड्यांचा विचार येथे कर्तव्य नाही, कारण त्यांच्यावर सचित्र ग्रंथ निघतात आणि त्यांच्या दुरुस्तीबाबत घरातल्या आत्याचे मत कोणी विचारीत नाही. मराठी मध्यमवर्गाच्या वाट्याला आलेली अभिजात मोटार म्हणजे फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या जुळवल्या आणि १९५० च्या दशकात इटलीतील फियाट कंपनीच्या ‘११००’ या मालिकेतील गाड्या तयार करण्यास घेतल्या. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसवलेला गिअर आणि पुढे बाकासारखे अखंड आसन, ही तिची लक्षणे. गिअर जमिनीवरून हटल्यामुळे पुढे तिसऱ्या माणसाची सोय झाली, आणि तिसऱ्याची सोय झाली की त्याच्या मांडीवर चौथ्याची सोय आपोआप होते, या न्यायाने या छोटेखानी गाडीतून एकेकाळी अख्खी वऱ्हाडे गेलेली आहेत.

या मालिकेतील आरंभीच्या गाडीस मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिचे पुढचे नाकाड फुगीर होते आणि पुढच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला असल्यामुळे ते उलटे उघडत. ज्या घरांत हा प्राणिवाचक शब्द उच्चारला म्हणून मुलांना चापट बसे, त्याच घरांतील वडीलधारी मंडळी ‘आमची डुक्कर काय पळते’ असे चारचौघांत अभिमानाने सांगत, याची नोंद समाजशास्त्रज्ञांनी घ्यावयास हवी होती. पुढे १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली; परंतु चितोडच्या राणीचे नाव मिळूनही घरात, गॅरेजात आणि टॅक्सीच्या रांगेत ती फियाटच राहिली.

जीर्णोद्धाराच्या अभ्यासकाला १९६४ हे वर्ष ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या वर्षी कुर्ल्याहून डिलाइट बाहेर पडली, त्याच वर्षी दिल्लीत ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने जुन्या मोटारींची रॅली सुरू केली, आणि त्याच वर्षी व्हेनिस येथे जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची एक सनद संमत केली. लालबहादूर शास्त्री यांची फियाटही १९६४ च्याच बनावटीची. बारा हजार रुपयांच्या या गाडीसाठी देशाच्या पंतप्रधानांना पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढावे लागले आणि त्यांच्या निधनानंतर ते त्यांच्या पत्नीने निवृत्तिवेतनातून फेडले. जीर्णोद्धाराचा खर्च अंदाजाच्या तिप्पट झाला की घरातील ज्येष्ठ सदस्य हे उदात्त उदाहरण हमखास देतात. शास्त्रीजींनी त्या पैशांत चालणारी गाडी घेतली होती, एवढा तपशील मात्र गाळतात.

व्हेनिस सनदेतील तीन तत्त्वे प्रस्तुत विषयास लागू पडतात. जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनर्स्थापनेने थांबावे, हे पहिले. वास्तूवर निरनिराळ्या काळांत जी भर पडली तिचा मान राखावा, सर्व काही खरवडून तिला एकाच काळात नेण्याचा अट्टहास करू नये, हे दुसरे. नव्याने बसवलेला भाग मुळाशी सुसंगत दिसावा, पण तो नवा आहे हे ओळखता यावे, हे तिसरे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये हाच विचार मोटारींना लावणारी एक सनद काढली आणि तिला तूरिन शहराचे नाव दिले. तूरिन हे फियाट कंपनीचे जन्मगाव असल्यामुळे कुर्ल्याच्या डिलाइटचे ते आजोळ ठरते, आणि आजोळचे वळण नातीने उचलावे ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

पैकी तिसऱ्या तत्त्वाचे पालन महाराष्ट्रात सर्वत्र होते, कारण नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याने जोडलेला पत्रा ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. उरलेल्या दोन तत्त्वांवरून मात्र घरे दुभंगतात. आजोबांच्या मते मूळ गाडी म्हणजे नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहिल्यानंतर जी दारात येऊन उभी राहिली आणि जिच्या चाकांखाली लिंबे ठेवून नारळ फोडला गेला, त्या दिवसाची गाडी. तीत रेडिओ नव्हता, पंखा नव्हता, आणि आजोबांच्या स्मरणानुसार ती कधी बंदही पडली नव्हती. वडिलांच्या लेखी गाडीचे सुवर्णयुग १९८० च्या दशकात येते: डॅशबोर्डखाली टांगलेला कॅसेट प्लेअर, मागच्या काचेशी बसवलेले दोन स्पीकर, काचांवर काळी फिल्म आणि गाडी मागे घेताना सबंध आळीला ऐकू जाणारी धून, हे सर्व त्यांच्या हातचे आणि त्यांच्या पहिल्या पगारातले असल्यामुळे त्यांना दुसऱ्या तत्त्वाखाली संरक्षण मिळावे, असा त्यांचा आग्रह असतो. आजोबा याच वस्तूंना अतिक्रमण म्हणतात. तिसऱ्या पिढीतील नातीने कंपनीचे त्या काळचे छापील माहितीपत्रक इंटरनेटवरून मिळवलेले असते आणि चाकांच्या चकचकीत टोप्यांपासून आसनाच्या शिवणीपर्यंत सर्व काही त्या चित्राबरहुकूम व्हावे असे तिला वाटते. तशी गाडी आपल्याला मिळालीच नव्हती, त्या टोप्यांचे पैसे वेगळे पडत म्हणून आपण त्या घेतल्या नव्हत्या, हे आजोबांचे म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या बिनतोड आहे. तथापि माहितीपत्रकावर तारीख आहे आणि आजोबांच्या आठवणींवर ती नाही, या मुद्द्यावर नात अडून बसते. एकाच वाहनतळावर उभ्या असलेल्या एकाच गाडीच्या नावाखाली हे घर वस्तुतः तीन वेगवेगळ्या सालांतल्या तीन गाड्या दुरुस्त करीत असते, आणि बिल मात्र एक येते.

रंगाचा प्रश्न याहून बिकट, कारण त्याबाबत प्रत्येकाला खात्री असते. त्या काळची घरगुती छायाचित्रे कृष्णधवल असत. त्यामुळे गाडीसमोर ताठ उभ्या असलेल्या सात नातेवाइकांची नावे, गावे आणि परस्परांतील अबोले एवढे सांगता येते, गाडीचा रंग तेवढा सांगता येत नाही. आजोबा तो फिकट निळा होता म्हणतात, त्यांचे धाकटे बंधू हिरवट म्हणतात, आणि गाडी आली तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता ते वडील तो मोतिया होता असे छातीठोकपणे सांगतात. अशा वेळी शास्त्रोक्त उपाय एकच: जेथे पुढच्या रंगाऱ्यांची पिचकारी पोहोचली नसेल अशी जागा शोधून रंगाचे थर एकेक करून खरवडणे. डॅशबोर्डची मागची बाजू, दाराच्या बिजागरीचा कोपरा आणि डिकीतल्या रबरी चटईखालचा पत्रा या त्या जागा होत. वरचा पांढरा थर उदारीकरणानंतरचा, त्याखालचा मरून थर धाकट्या आत्याच्या लग्नातला, त्याखाली दुसरा पांढरा, आणि सर्वांत तळाशी तांबड्या प्रायमरला चिकटून जो रंग निघतो त्याचे नाव तोवर कोणीच घेतलेले नसते. तो दिसताच तिन्ही पक्ष आपण हेच म्हणत होतो असे जाहीर करतात.

येथे बहुधा आजी हस्तक्षेप करतात. गाडी आली त्या आठवड्यात त्यांनी तिच्या रंगाशी मिळतेजुळते लुगडे घेतलेले असते आणि ते कपाटात घडी मोडल्याविना जपलेले असते. ते बाहेर आल्यावर सर्व पुरावे फिके पडतात आणि रंगाच्या दुकानात, संगणकावर छटा जुळवणाऱ्या मुलापुढे, त्याचा पदर पसरला जातो. पन्नास-साठ वर्षांत कापडाचा रंग उतरतो, हा साधा आक्षेप घेण्याचे धैर्य घरात कोणाजवळही नसते. अनुमानापाशी थांबण्याचे तत्त्व काटेकोरपणे पाळायचे ठरवले, तर महाराष्ट्रातल्या एकाही फियाटला रंग लागणार नाही, हे मान्य करावे लागेल.

खरवडण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे पत्र्याची खरी अवस्था उघडी पडते. ठोकून सरळ न झालेला खड्डा बुजवण्यासाठी रंगारी जो लेप चोपडतात त्याला या धंद्यात लांबी म्हणतात. ती वाळल्यावर घासून रंगवली की हुबेहूब पत्र्यासारखी दिसते आणि एक-दोन पावसाळे गेले की फुगते. लांबी कोठे आहे हे शोधण्याची सर्वमान्य पद्धत चुंबक फिरवण्याची आहे, कारण लेप जाड असेल तेथे चुंबक धरत नाही. न्यू जर्सीच्या काकांनी आणलेला, फ्रिजवर लावायचा स्वातंत्र्यदेवीचा चुंबक या संशोधनासाठी कामी येतो. तो टपावर चिकटतो, बॉनेटवर चिकटतो, डाव्या दारावर अडखळतो आणि मागच्या डाव्या मडगार्डवर कोठेही न टिकता खाली पडतो. यावरून वडिलांनी महाविद्यालयात असताना ‘फाटकाला जरासे घासले’ असे जिचे वर्णन केले होते ती घटना नेमकी काय होती, याचा उलगडा सुमारे चाळीस वर्षांनी होतो. आजोबा त्या विषयावर त्याच संध्याकाळी बोलतात, आणि राग मुळीच विटलेला नसतो.

कामाची वाटणी आश्रमव्यवस्थेच्या धर्तीवर असते. ब्रह्मचर्याश्रमात बॅटरी धरणे हे एकमेव कर्तव्य असून, गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाला हवा तेथून एक वीत बाजूला उजेड पाडणे आणि त्याबद्दल बोलणी खाणे यांतून शिष्याची घडण होते. त्याच्या उत्तरार्धात पाने देण्याची दीक्षा मिळते. पान्याला दोन तोंडे असतात आणि त्यांची मापे मिलिमीटरमध्ये जोडीने उच्चारली जातात. ‘दहा-अकरा’ मागितल्यावर ‘बारा-तेरा’ पुढे करणाऱ्यास पुन्हा बॅटरीवर पाठवतात. गृहस्थाश्रमी पुरुष गाडीखाली झोपतो, बिले भरतो आणि जेवायला बोलावणे आले की ‘आलोच पाच मिनिटांत’ असे दीड तास म्हणतो. वानप्रस्थाश्रम प्लॅस्टिकच्या खुर्चीत घालवायचा असून ती खुर्ची बॉनेटपासून एवढ्या अंतरावर ठेवतात की चूक दिसावी, पण हात काळे होऊ नयेत. संन्यासाश्रमाची तरतूद या शास्त्रात नाही; फियाटविषयी मत देणे सोडून दिलेला ज्येष्ठ नागरिक अद्याप आढळात आलेला नाही.

मुलींना या व्यवस्थेत पूर्वी प्रवेश नव्हता आणि आता तो मिळाल्यामुळे व्यवस्थाच धोक्यात आली आहे, कारण दुरुस्तीची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढणारी घरातील पहिली व्यक्ती ही नात असते. नट किती ताकदीने आवळायचा याचे आकडे त्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि तो हिशेब दाखवणारा खास पानाही बाजारात मिळतो. आजोबांच्या पिढीत नट ‘बसला’ असे मनगटाला कळेपर्यंत आवळीत. वडिलांच्या पिढीत तो तुटेपर्यंत आवळीत. आकड्यावर थांबणारी पोर पाहून दोघेही प्रथमच एका बाजूला येतात.

मिस्त्री हा रक्ताचा नसलेला, पण निर्णायक मताचा कुटुंबघटक होय. पुष्कळदा त्यांच्या वडिलांनीही हीच गाडी खोललेली असते, त्यामुळे गॅरेजात खरे पाहता दोन घराणी समोरासमोर उभी असतात आणि ‘तुमच्या वडिलांनी तेव्हाच ऐकले असते तर’ या वाक्याने दोन्हीकडच्या स्वर्गस्थांचा उद्धार होतो. मिस्त्रींची परिभाषा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘हेड खोलणे’ म्हणजे इंजिनाच्या वरचे जाड झाकण काढून आतल्या पिस्टनांची अवस्था पाहणे, आणि एकदा ते खोलले की ‘काम निघते’. काम निघणे ही क्रिया अकर्मक असून ते कोणी काढले असा प्रश्न व्याकरणातच बसत नाही. गॅस्केट बदलायला गेलेल्या गाडीचे हेड खोलले जाते, हेडवरून बोअर करणे निघते, म्हणजे झिजलेली सिलिंडरे कातून त्यांत मोठे पिस्टन बसवणे आले, आणि इंजिन उतरवलेच आहे तर क्लच प्लेटही पाहून घेऊ, या ओघात मूळ गॅस्केट विस्मृतीत जाते. ‘आठवडा’ हे कालमापनाचे एकक असून त्याची लांबी गणपती, दिवाळी आणि मिस्त्रींच्या गावची जत्रा यांच्या अंतरावर ठरते. ‘हे आता मिळत नाही’ या विधानाचे दोन अर्थ संभवतात: पहिला, ती वस्तू खरोखर मिळत नाही, दुसरा, ती मिस्त्रींच्या माळ्यावर आहे.

सुटे भाग दुर्मीळ होण्यामागे एक इतिहास आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत फियाटचेच राज्य होते तोवर दाराच्या मुठीपासून डायनामोपर्यंत कोणतीही वस्तू या शहरात चालत जाऊन आणता येई, आणि ती घासाघीस करून स्वस्तात मिळे, कारण टॅक्सीवाल्यापुढे भावना विकता येत नाहीत. २००८ मध्ये टॅक्सींवर पंचवीस वर्षांची आणि २०१३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा आली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली पद्मिनी ही शेवटची टॅक्सी ठरली. तिची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली आणि वर्तमानपत्रांनी मृत्युलेखाच्या थाटाचे लेख छापले. ते लेख वाचूनच असंख्य मध्यमवर्गीय घरांना आपल्या मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली, मांजरीने पिले घातलेली एक फियाट असल्याचे स्मरण झाले. पुरवठा संपतो त्या आठवड्यात मागणी जागी होते, हा मराठी गुंतवणुकीचा जुना सिद्धान्त आहे.

त्यानंतर खरेदीच्या मोहिमा निघतात: कुर्ल्याची भंगाराची दुकाने, मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीट, पुण्याचा जुना बाजार. या मोहिमांवर कोणाला न्यावे आणि कोणाला नेऊ नये याचे संकेत अनुभवातून ठरले आहेत. आजोबांना नेऊ नये, कारण ते दुकानदाराला ही वस्तू १९६८ मध्ये कितीला मिळे ते सांगतात. नातीला नेऊ नये, कारण हवा तो दिवा ढिगाऱ्यात दिसताच ती ‘मिळाला!’ असे ओरडते आणि त्या एका शब्दाने भाव दुप्पट होतो. वडिलांना एकट्याने पाठवावे. ते निर्विकार चेहऱ्याने, नाइलाज म्हणून आल्यासारखे चौकशी करतात, अर्धी किंमत सांगतात, पाठ फिरवून दहा पावले जातात, आणि त्यानंतर पूर्ण किंमत देऊन एकाऐवजी तीन दिवे घेऊन येतात. पुन्हा मिळणार नाहीत, हे त्याचे समर्थन असते. परिणामी एका गाडीच्या जीर्णोद्धारात दीड गाडीचे सामान घरात गोळा होते आणि दिवाणाखाली हात घातला असता अंथरुणाऐवजी हबकॅप लागते. इटलीहून भाग मागवण्याचा सल्ला काका न्यू जर्सीहून देतात. तो पाळून आलेले महागडे खोके उघडल्यावर कळते की एकाच मुळाच्या या दोन गाड्या अनेक दशके वेगवेगळ्या देशांत राहिल्यामुळे त्यांच्या सवयी, चुलत भावंडांच्या होतात तशा, निराळ्या झाल्या आहेत आणि भोके जुळत नाहीत.

ओल्या फडक्याचा प्रश्नही येथेच उपस्थित करणे उचित ठरेल. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनाला लागून बसवलेला असल्यामुळे मे महिन्यात घाट चढताना तो तापे, त्यातल्या पेट्रोलची वाफ होई आणि कार्बोरेटरला पेट्रोलऐवजी वाफ मिळून गाडी थांबे. यास व्हेपर लॉक म्हणतात. खंडाळ्याच्या घाटात कडेला बॉनेट उघडून उभी असलेली फियाट आणि पंपावर ओले फडके धरून उभे असलेले गृहस्थ हे दृश्य दोन पिढ्यांनी पाहिले आहे. नात या दुखण्यावर विजेवर चालणारा, इंजिनापासून दूर बसणारा पंप सुचवते. तांत्रिकदृष्ट्या तिचे बरोबर आहे. परंतु आजोबांच्या मते ते फडके, त्यासाठीची पाण्याची बाटली आणि वाट पाहताना खायचे चिवड्याचे पुडके हे गाडीचे मूळ भाग असून ते काढल्यास गाडी मूळ राहत नाही. कॅसेट प्लेअरवरून सुरू झालेल्या वादातला हा सर्वांत गंभीर प्रसंग म्हणावा लागेल, कारण येथे एका बिघाडाचेच जतन करण्याची मागणी पुढे आलेली असते, आणि व्हेनिस सनदेत तिला स्पष्ट मनाई सापडत नाही. तडजोड म्हणून विजेचा पंप बसतो आणि फडकेही डिकीत राहते.

इंजिन सुरू झाल्यावर घरात पेढे वाटले जातात. ती घाई असते, कारण कागदपत्रे अजून पाहिलेली नसतात. त्या काळी पैसे कोणीही दिले तरी गाडी वडिलांच्या नावावर घेण्याची रीत असल्यामुळे नोंदणीपुस्तकात पणजोबांचे नाव निघते. मृत मालकाची गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी परिवहन कार्यालयात नमुना ३१ भरावा लागतो आणि अन्य वारसांची संमती जोडावी लागते. पणजोबांना पाच अपत्ये झालेली असतात. ज्यांनी या गाडीला कधी धक्का मारला नाही, असे आतेभाऊ, चुलतभाऊ आणि जावई नागपूरपासून बेळगावपर्यंत निघतात आणि ताडपत्रीखाली असताना ज्या वस्तूला ‘ते धूड’ म्हणत, तिचा उल्लेख आता ‘बाबांची आठवण’ असा करू लागतात. बहुतेकांची सही एका जेवणावर मिळते. अडचण येते ती इंदूरच्या मोठ्या आत्याची. त्यांचे म्हणणे असे की, सबंध लहानपणी त्यांना मागे, मधोमध, दोन भावांच्या कोपरांमध्ये बसवले गेले. पुढच्या आसनावर खिडकीशी बसून महाबळेश्वरला नेल्याखेरीज त्या कोणत्याही कागदाला हात लावणार नाहीत. या मागणीतील न्याय सर्वांना पटतो, आणि मुद्रांकावर तसे वचन लिहून दिले जाते.

नेमकी येथे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ ची दुरुस्ती आडवी येते. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाड्यात, बाह्यांगात किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून तिची मुदत दहा वर्षांची असते, आणि जिची नोंदणी आधीच झालेली आहे तिला जुना क्रमांक राखता येतो. हा सन्मान घरातल्या सर्वांना हवा असतो, कारण आजवर आई ज्या वस्तूला भंगार म्हणत आल्या तिला शासनाने वारसा म्हटलेले त्यांना दाखवायचे असते. मात्र विंटेज ठरलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढावी, असे नियम सांगतो. त्यांत महाबळेश्वर नाही आणि आत्याही नाही.

पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागणारी साधी नोंदणी ठेवून हा पेच टाळता आला असता. पण नंबरप्लेटपेक्षा प्रतिष्ठा मोठी ठरते. मग प्रवासाच्या आदल्या रात्री, वाटेत कोणी अडवलेच तर काय सांगायचे, याची रंगीत तालीम घेतली जाते. वडिलांनी प्रदर्शनाला चाललो म्हणायचे, आजोबांनी पेट्रोल भरायला म्हणायचे, नातीने मांडीवरची पुस्तिका उघडून तांत्रिक संशोधन म्हणायचे, आणि पोळ्यांचा डबा, थर्मास व शालींचे गाठोडे यांचा त्या संशोधनाशी संबंध विचारला गेल्यास सर्वांनी गप्प राहायचे, असे ठरते. पसरणीच्या घाटाआधी वाईत हवालदार गाडी थांबवतो, कागद न मागता बॉनेटवर प्रेमाने हात फिरवतो, आपल्या चुलत्यांकडेही अशीच होती असे सांगतो आणि सहज म्हणून कोठे निघालात असे विचारतो. प्रदर्शन, पेट्रोल आणि संशोधन ही तिन्ही उत्तरे एकदमच दिली जातात. पुढच्या खिडकीशी बसलेल्या आत्या चष्मा पुसत त्याला सांगतात, “महाबळेश्वरला. आणि या वेळी पुढे बसून.”